हार्ड डिस्क एक नको, दोन घ्या, आणि दुसरी पाव्हण्यांकडं ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दसऱ्याच्या आधीपासनं आपल्या पेपरात ऑफरच्या जाहिराती यायला लागल्यात, टीव्ही, मोबाईल, वॉशिंग मशीन, आणि हल्ली त्यात एका कोपऱ्यात हार्ड डिस्क पण असते, इतक्या टीबीची (टीबी म्हणजे साठवायच्या जागेचं माप, साधारण हजार जीबी) इतक्याला म्हणून. मला त्या कोपऱ्याबद्दल लिहायचंय. पत्र जरा लांबणार आहे पण शक्य असेल तर कापू नका, कारण हे सगळं मला कुणी चार वर्षांपूर्वी मराठीत सरळ सांगितलं असतं तर आमच्या घरातलं एक माणूस आज आवाजानं तरी घरात राहिलं असतं.

मी नंदगडला दिलेली, माहेर जांबोटीकडचं. आमचे आप्पा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. १९९० च्या आसपास चुलत्यांनी गोव्यातनं टेपरेकॉर्डर आणला आणि तिथनं पुढं दहा-बारा वर्षं एकादशी म्हणा, सप्ता म्हणा, काकड आरती म्हणा, जे काय झालं ते आप्पांनी कॅसेटवर घेतलं. एकूण ६४ कॅसेट, दोन पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीवर निळ्या पेनानं तारीख आणि गावाचं नाव. त्यातल्या एकीवर भजन नव्हतं, आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आज्जी लाजायची म्हणून आप्पांनी पहाटे तिला न सांगता टेप खिडकीत ठेवला होता, सव्वीस मिनिटं, मागं जात्याची घरघर आणि मधेच कोंबडा.

खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथं कॅसेटची काय कथा, फितीवर पांढरी बुरशी यायला लागली. म्हणून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धाकटा भाऊ घरी अडकला तेव्हा त्यानं जुन्या प्लेअरची वायर लॅपटॉपला जोडून, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्याच्यात, एकेक कॅसेट घेतली. एका तासाची कॅसेट घ्यायला एक तासच लागतो, पळवता येत नाही, त्यामुळं दोन महिने रोज घरात भजन चालू. मग एक १ टीबीची हार्ड डिस्क आणली, सगळं त्यात टाकलं, लग्नाचे अल्बम स्कॅन करून टाकले, शाळेच्या गॅदरिंगचे फोटो, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीचे, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात तिथले आप्पांनी काढलेले, सगळं. आणि कॅसेट? आता कॉम्प्युटरवर आलंय की, बुरशी कशाला ठेवायची घरात, म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकल्या. हा निर्णय आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला होता आणि तो चुकला.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत पाचव्या दिवशी घरात वीसेक माणसं, मी हौसेनं डिस्क टीव्हीला लावली जुने फोटो बघायला. टीव्ही भिंतीवर, डिस्कची वायर हातभर सुद्धा नाही, त्यामुळं डिस्क खाली लोंबकळत होती. पोरं खेळत होती, कुणाचा तरी हात लागला. तीन-साडेतीन फुटावरनं फरशीवर पडली, आणि चालू असताना पडली. उचलून परत लावली तर आतनं आवाज यायला लागला, टक्... टक्... टक्... मग थोडा वेळ गप्प, परत टक्. घड्याळासारखा. तो आवाज मला अजून आठवला की पोटात खड्डा पडतो.

बेळगावला एका रिपेअरवाल्याकडं नेली. पोरगा प्रामाणिक होता, कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला, अक्का आता परत लावून बघू नकासा, जितक्यांदा लावतासा तितक्यांदा आत घासतंय, आणि हे हितं उघडायचं काम न्हवं. त्यानं समजावून सांगितलं ते असं. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकडी असते, ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, आणि तिच्यावर वाचायचं हेड असतं ते तबकडीला टेकत नाही, वर तरंगतं, आणि ते अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटीनं कमी. चालू असताना पडली की हेड तबकडीवर आपटतं आणि ओरखडा उठतो. बंद असताना हेड बाजूला जाऊन बसलेलं असतं म्हणून तेवढ्यानं कधी कधी वाचते. ओरखडा उठलेल्या ठिकाणचा डाटा म्हणजे पाटीवरनं खरवडून काढलेलं अक्षर. उघडायचं तर धूळ नसलेली खास खोली लागते. पुण्याला पाठवली, तीन आठवड्यांनी परत आली, तबकडीवर गोल चरे पडलेत, काही निघणार नाही म्हणून.

वॉरंटी होती ओ अजून. पण वॉरंटी असते ती डब्याची, आतल्या मालाची नाही. नवी डिस्क मिळते, आज्जी मिळत नाही. हे बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि दुकानात कुणी सांगत नाही.

तर आता मुद्द्याचं. यानंतर मी वर्षभर ह्या विषयाच्या मागं लागले, भाच्याला विचारलं, बेळगावच्या दुकानातनं फिरले, फोटोग्राफर लोकांना विचारलं कारण त्यांचं पोटच ह्याच्यावर. आणि लोक घ्यायला जाताना पहिला प्रश्न विचारतात तोच मुळात चुकीचा आहे असं माझं मत झालंय. लोक विचारतात कुठली कंपनी चांगली. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच राहिल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, बाकी नाव कुठलंही असू दे आत माल ह्यांच्यातलाच. तिन्हींची डिस्क पडली की मरते. विचारायचा प्रश्न म्हणजे, ही मेली तर माझ्याकडं दुसरीकडं कुठं आहे? ह्याचं उत्तर तयार असेल तर कुठलीही घ्या.

म्हणून मी म्हणते, ४ टीबीची एक घेण्यापेक्षा १ किंवा २ टीबीच्या दोन घ्या. दुकानदार म्हणतो, ताई मोठी घेऊन जावा, टीबीमागं स्वस्त पडते. ते खरं आहे, हिशेब त्याचा चुकत नाही. पण त्या हिशेबात पडणं, चोरी होणं, पाणी लागणं धरलेलं नाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवून टोपली मोठी घेतली एवढंच होतं.

आणि आपल्याला जागा किती लागते ते एकदा कागदावर मांडा, बहुतेक घरांना वाटतं त्याच्यापेक्षा कमी लागते. कॅसेटवरनं गाणं घेताना सीडीच्या दर्जाचं, म्हणजे वेव्ह फाईल, एका मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे तासाची कॅसेट सहाशे-साडेसहाशे एमबी. आमच्या ६४ कॅसेट मिळून ४० जीबीच्या आसपास. तेच फ्लॅक नावाच्या प्रकारची फाईल करून ठेवलं तर जवळपास निम्म्यात बसतं आणि आवाज एक कणभर कमी होत नाही. एमपीथ्री त्याहून लहान होते पण तिच्यात आवाजातलं थोडं थोडं कायमचं काढून टाकलेलं असतं, ते परत आणता येत नाही. म्हणून जपून ठेवायची प्रत वेव्ह नाहीतर फ्लॅक, आणि गाडीत ऐकायला, पाव्हण्यांना पाठवायला एमपीथ्री, असं दोन्ही ठेवा. मोबाईलचा फोटो ३ ते ५ एमबी धरला तर वीस हजार फोटो म्हणजे ६०-१०० जीबी. जागा खातो तो व्हिडिओ. फुल एचडीचा मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी, आणि ४के लावून ठेवलं असेल तर त्याच्या तिप्पट. पोरांचे वाढदिवस ४के मध्ये काढत असाल तर २ टीबी घ्या, नाहीतर १ टीबी पुष्कळ झाली.

घरी आणून लावली की १ टीबीच्या ठिकाणी ९३१ जीबी दिसतात आणि लोक दुकानात भांडायला जातात, ते फसवणं नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, माल तेवढाच असतो.

खरी फसवणूक वेगळीच आहे आणि ती आपल्याकडं जोरात चाललीय. ऑनलाईन दिसतं, १६ टीबी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क, तिच्याबद्दल पुढं लिहिलंय), दोन हजारात. मापं छान, डबा चकचकीत, लावली की कॉम्प्युटरवर १६ टीबी दिसतात सुद्धा. आत उघडून बघितलं तर गोंदानं चिकटवलेलं मोबाईलचं मेमरी कार्ड, आणि खोटा आकडा दाखवायची व्यवस्था. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यावरच चढत जातात, नावं दिसतात, उघडायला गेलं की उघडत नाही. आमच्या गल्लीतल्या एकानं पोरीच्या बारशाचे फोटो त्यात टाकून मोबाईलमधनं उडवले होते. तेव्हा डिस्क कुठूनही घेतली तरी पहिल्या दिवशी, एकही फोटो टाकायच्या आधी, एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं. रात्रभर लागला तरी लागू दे. आणि पाठीवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी दाखवते का बघा. खणाचं कापड घेताना आपण धागा ओढून बघतो, मग इथं का नको?

आता एसएसडी घ्यावी का साधी हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर, त्यामुळं पडली तरी सहसा काही होत नाही, आणि भराभर चालते. किंमत त्याच मापाला साधारण दुप्पट, कधी जास्तच, म्हणून आकडा लिहीत नाही, रोज बदलतो. माझं मत असं की जी डिस्क तुम्ही हाताळणार आहात, टीव्हीला लावणार, पिशवीतनं नेणार, पोरांच्या हातात जाणार, ती परवडत असेल तर एसएसडी घ्या, भले ५०० जीबीची असू दे. आणि जी कपाटात पडून राहणार ती साधी हार्ड डिस्क चालते, उलट तिथं तीच बरी वाटते मला, कारण एसएसडीतला डाटा म्हणजे चिपमधला चार्ज, वर्षानुवर्षं करंट न देता उष्ण जागी ठेवली तर तो हळूहळू झिरपून जाऊ शकतो. साध्या डिस्कला पण नुसतं ठेवून देणं बरं नाही. दोन्ही वर्षातनं दोन-तीनदा लावून, तासभर चालू ठेवून, चार फोटो उघडून, दोन गाणी ऐकून बघायच्या. मी दसरा, संक्रांत आणि अक्षय तृतीया धरलीय, लक्षात राहतं. शस्त्रपूजेला कोयता-विळा पुजतो त्याच्या शेजारी आता डिस्क पण असते आमच्याकडं.

वायर बघून घ्या, हे कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कला एक रुंद चपटी पिन येते, दोन खणांची, ती सारखी काढघाल करून ढिली होते आणि जरा हलली की डिस्क मधेच डिस्कनेक्ट. कॉपी चालू असताना असं झालं तर फाईल अर्धवट. आता टाईप-सी वाल्या मिळतात, मोबाईलच्या चार्जरसारखी पिन, दोन्हीकडनं जाते, ती मला बरी वाटली. आणि काही पोर्टेबल डिस्कमध्ये ती पिन थेट आतल्या बोर्डवरच जोडलेली असते, म्हणजे पिन तुटली की डबा उघडून दुसऱ्या डब्यात घालता येत नाही, बोर्डचंच काम काढावं लागतं. काहींत तर कंपनीकडनंच सगळं कुलूपबंद होऊन लिहिलं जातं, तुम्ही पासवर्ड लावा न लावा, आणि बोर्ड गेला की तबकडी धड असून वाचता येत नाही. त्यामुळं पिनेला जपा, वायर गुंडाळताना पिळू नका. पासवर्ड लावणारच असाल तर घरातल्या दोन माणसांना माहीत असू दे, आपल्या माघारी पोरांनी काय करायचं?

कॉम्प्युटरला लावताना निळ्या तोंडाचा यूएसबी असेल त्याला लावा, बहुतेक मशीनवर तो ३.० असतो. जुन्या २.० ला लावली तर सेकंदाला तीसेक एमबीच जातात, ५०० जीबी भरायला चार तासाच्या वर, आणि निळ्याला तेच दीड तासाच्या आत उरकतं. फोटो बारीक बारीक आणि हजारोंनी असतात म्हणून जरा जास्तच धरा, मधे घाई करून ओढू नका. काढताना सेफली रिमूव्ह करूनच काढा. मी पण पूर्वी सरळ उपटायचे.

फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीचा, घोळ वेगळा. आमच्या नणंदेच्या पोरानं ९ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ टाकायला घेतला तर घेईना, जागा भरपूर असून. ती डिस्क एफएटी-३२ ची होती, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. एनटीएफएस असली तर विंडोजला उत्तम, पण ॲपलच्या मॅकवर नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. दोन्हीकडं चालायला पाहिजे तर एक्सफॅट. टीव्ही आणि गाडीच्या स्टिरिओचं मात्र प्रत्येकाचं वेगळं, जुने असले तर एफएटी-३२ च मागतात, म्हणून गाडीसाठी वेगळा पेनड्राईव्ह ठेवा, मूळ डिस्क गाडीत नेऊच नका. फॉरमॅट मारला की आतलं सगळं जातं, त्यामुळं जे काय ठरवायचं ते पहिल्या दिवशी, रिकामी असताना. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, काही टीव्हींना डिस्क लावली की टीव्हीवर विचारतो, रेकॉर्डिंगसाठी डिस्क तयार करू का, ओके दाबा. दाबू नका! तयार करणं म्हणजे पुसणं.

आता त्या दुसऱ्या डिस्कचं. ती त्याच कपाटात ठेवली तर काय उपयोग? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आपण बघितलंय, निपाणी-चिकोडीकडं कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, आमच्याकडं मलप्रभा, माणसं अंगावरच्या कपड्यांनी बाहेर पडली, कपाट उघडायला कुणाला वेळ होता? त्या पुरात किती घरांतले लग्नाचे अल्बम चिखल झाले असतील, त्याची मोजदाद कुठल्या पंचनाम्यात होत नाही, आणि मला वाटतं भिंत परत बांधता येते, तो अल्बम नाही. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाच्या घरी. आपल्या सीमाभागात ह्याची सोय देवानंच करून ठेवलीय, प्रत्येकाची लेक नाहीतर बहीण चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापूरला दिलेली आहेच. आमची डिस्क नणंदेकडं चंदगडला असते आणि तिची आमच्याकडं. तिकडं पाऊस आमच्याइतकाच, पण दोन्ही घरं एकाच दिवशी पडायची नाहीत. प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, माळ्यावर नाही कारण कौलं गळतात, आणि देव्हाऱ्याजवळ नाही कारण तेल-धूर, तर कपाटाच्या मधल्या खणात.

गुगलवर ठेवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठेवा की, तिसरी प्रत म्हणून चांगलंच आहे, महत्त्वाचं तेवढं. पण फुकटात १५ जीबीच आहेत आणि १ जून २०२१ पासनं फोटो पण त्यातच मोजतात, पुढं महिन्याचे पैसे, आणि पैसे भरायचे थांबले की काय? शिवाय जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाऊन बघा, पावसाळ्यात एक फोटो वर चढायला चहा गार होतो. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे जपलं असंही नाही, व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, एचडी लावलं तरी मूळ राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तरच जसाच्या तसा जातो.

आणि नावं घाला ओ फोल्डरला. नुसते आयएमजी आणि पुढं आकडे असले की वीस वर्षांनी पोरांनी ओळखायचं कसं? वर्ष, गाव, प्रसंग, मराठीतच लिहा, चालतं. आप्पांनी कॅसेटवर निळ्या पेनानं तारीख आणि गाव लिहिलं म्हणून आम्हाला कळलं तरी की कुठलं भजन कुठल्या सप्त्यातलं. फोटोत कोण कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत लिहा, ती माणसं आहेत तोवर. हे काम डिस्क घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि ह्याला पैसे लागत नाहीत.

हे सगळं मी पेपरात का लिहितेय, तर आपल्या भागातलं मराठी जे काय आहे, गावचं भजन, बायकांच्या ओव्या, बंद पडलेल्या मराठी शाळेचा शेवटचा ग्रुप फोटो, मोर्च्यातले फोटो, हे कुठल्या सरकारी संग्रहात जाऊन बसलेलं नाही. इकडचं कर्नाटक सरकार ठेवणार नाही आणि तिकडच्या महाराष्ट्राला आपलं घर माहीत नाही. ते आहे ते आपल्याच कपाटात, आपल्याच मोबाईलमध्ये. सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले तो हा जिल्हा, पण त्यांचं गाणं जपणारे जगभर आहेत, आमच्या आज्जीचं गाणं जपायला फक्त आम्ही होतो. गावोगावची वाचनालयं, भजनी मंडळं, गणपती मंडळं ह्यांना माझी विनंती आहे की डेकोरेशनच्या बजेटमधनं एका वर्षी दोन डिस्क घ्या, गावातल्या लोकांकडनं जुने फोटो, टेप मागून घ्या, कॉपी मारा, मूळ ज्याचं त्याला परत द्या, एक डिस्क वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावच्या मंडळाकडं. आणि मूळ कॅसेट, मूळ अल्बम फेकू नका, कॉपी कितीही झाल्या तरी. आपल्या पेपरानं दिवाळीच्या पुरवणीत ह्याच्यावर जाणकार माणसाकडनं एक पान लिहून घेतलं तर फार बरं होईल.

आमचं काय उरलं ते पण सांगते. भावानं तेव्हा नणंदेला गंमत म्हणून ओव्यांतला एक तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो तिच्या जुन्या फोनमध्ये सापडला. चार मिनिटं दहा सेकंद. आवाज चिरकतो, वरचे सूर फाटतात. पण शेवटी जातं थांबतं, आज्जी खुंटा सोडते त्याचा आवाज येतो, आणि ती आतल्या कुणाला तरी म्हणते, दाणं सरलं गो, आण आणखी ओंजळभर. तेवढंच. ते आता चार ठिकाणी आहे.

एक शेवटचं. आप्पांचं मंडळ १९९० ते २००२ च्या दरम्यान जांबोटी, कणकुंबी, खानापूर, नंदगड, पार चंदगडच्या वाड्यांपर्यंत भजनाला जायचं. त्या काळात पुष्कळांकडं टेप होता, समोर ठेवून घेतलेलं असणार. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी कॅसेट असेल, पेटी आणि पखवाजाची, नाव लिहिलेलं नसलं तरी, तर कृपा करून पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवा. बुरशी असली तर लावून बघू नका, फीत तुटते, तशीच राहू दे. मी प्लेअर आणि दोन डिस्क घेऊन तुमच्या घरी येईन, तुमच्यासमोर कॉपी करीन, एक तुमच्याकडं ठेवीन आणि कॅसेट तुमची तुम्हालाच राहील.

आपली एक वाचक,
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव